कोरड्या, खराब केसांसाठी तेल विकायचंय? आधी तेल केसात नक्की काय करतं ते समजून घ्या



घरगुती व्यवसाय म्हटलं की लोणची-पापडानंतर आजकाल लगेच नाव येतं ते हर्बल हेअर ऑइलचं. का येणार नाही? भांडवल कमी, शेगडी घरचीच, जास्वंद दारात, कढीपत्ता कुंडीत, आणि लेबल तर मोबाईलवरच तयार होतं. पहिल्या पन्नास बाटल्या नातेवाईक, सोसायटी आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर संपतात. खरी परीक्षा एक्कावन्नाव्या बाटलीला होते. ती घेणारी बाई तुमची कोणी नसते. ती विचारते, "स्ट्रेटनिंग करून माझे केस झाडूसारखे झालेत. तुमच्या तेलाने नीट होतील का?"

"हो, होतील" म्हणालात तर बाटली विकली जाईल आणि गिऱ्हाईक कायमचं जाईल. "नाही" म्हणालात तर बाटलीही राहील. मग बोलायचं काय? त्यासाठी तेलाचं काम समजून घ्यावं लागतं. आज मी फक्त याच गिऱ्हाइकाबद्दल बोलणार आहे, म्हणजे कोरडे, राठ, टोकाला फाटे फुटलेले केस. केस गळणं, टक्कल, पांढरे केस या भानगडीत आपण का पडायचं नाही, तेही पुढे येईलच.

केस 'रिपेअर' होत नाही

त्वचेच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. आणि जे जिवंत नाही ते स्वतःहून भरून येत नाही. फाटलेलं टोक कुठल्याही तेलाने परत जुळत नाही, ते कापावंच लागतं. हे वाक्य तुमच्या गिऱ्हाइकाला तुम्हीच आधी सांगा. विश्वास बसतो.

आता केसाची रचना बघा. केस बनतो केरॅटिन नावाच्या प्रथिनापासून. आत मुख्य गाभा आणि बाहेरून क्यूटिकल नावाचं कवच. हे कवच म्हणजे कोकणातल्या घराच्या कौलांसारखं, एकावर एक बसवलेल्या बारीक खवल्यांचं, आणि खवल्यांची तोंडं केसाच्या टोकाकडे. एक केस हातात धरा. मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवली तर गुळगुळीत लागेल, टोकाकडून मुळाकडे फिरवली तर किंचित खरखरीत. एवढा प्रयोग काउंटरवर करून दाखवला की वीस मिनिटांचं भाषण वाचतं.

या कवचावर निसर्गाने दिलेला एक तेलकट थरही असतो. ब्लीच, कलर, पार्लरमधली रासायनिक ट्रीटमेंट यांनी तो निघून जातो. स्ट्रेटनरची उष्णता, ऊन, टॉवेलने खसाखसा पुसणं, ओले केस ओढून विंचरणं यांनी कौलं उचकटतात, तुटतात. मग केस पाणी जास्त पितो, फुगतो, वाळला की आक्रसतो. प्रत्येक न्हाणीला हा फुगण्या-आक्रसण्याचा ताण. त्यातून आतलं प्रथिन थोडं थोडं धुपत जातं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वर बसले की केस आणखी राठ लागतो.

तेल इथे दोन कामं करतं. एक, केस आणि कंगवा यांच्यातलं घर्षण कमी करतं, त्यामुळे गुंता सुटताना केस कमी तुटतात. दोन, काही तेलं केसाच्या आत शिरतात आणि पाणी आत जाण्याचं प्रमाण कमी करतात. म्हणजे तेल झालेलं नुकसान भरून काढत नाही, पुढचं नुकसान कमी करतं. खात्यात पैसे जमा होत नाहीत, पण गळती कमी होते असं समजा. आपण व्यवसायवाले, ही भाषा आपल्याला लगेच कळते!

आणि हे छोटं काम नाही बरं का. ज्या बाईचे केस रोज कंगव्यात तुटून येतात, तिला महिन्याभरात कंगव्यातला फरक दिसतो. तीच तुमची पुढची ऑर्डर.

कुठलं तेल? उत्तर कंटाळवाणं आहे

खोबरेल.

मला माहीत आहे, तुम्हाला मोरोक्कोचं आर्गन, जोजोबा, बदाम असं काहीतरी ऐकायचं होतं. पण २००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल अशी तिन्ही केसांवर वापरून तुलना केली होती. धुताना होणारी प्रथिनाची गळती फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली, चांगल्या केसांतही आणि खराब केसांतही. अभ्यास करणारे मॅरिकोचे, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच संशोधक होते, हेही लक्षात ठेवा. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, शिवाय प्रथिनाशी त्याची जवळीक, म्हणून तो केसात शिरतो. सूर्यफुलाचे रेणू मोठे आणि वाकडे, मिनरल ऑइलला प्रथिनाची ओढच नाही. ती दोन्ही वर राहतात.

वर राहणं म्हणजे वाईट असं मात्र नाही. चमक आणि गुळगुळीतपणा वरच्या थरानेच येतो. म्हणून पाया खोबरेलाचा आणि जोडीला दुसरं तेल, असं मिश्रण चालतं. तीळ तेल उत्तम जोडीदार. त्याच्यात स्वतःचीच टिकवण्याची ताकद असते, लवकर खवट होत नाही. बदाम तेल हलकं लागतं, नावाला भाव मिळतो, पण महाग आणि तुलनेने लवकर खवट होणारं. सूर्यफूल आणि जवसाचंही तसंच, त्यातही जवस फारच लवकर बिघडतं. आर्गन चांगलं आहे, पण त्या किमतीत सुरुवातीच्या उद्योजकाने अडकू नये असं माझं स्पष्ट मत.

एरंडेलाबद्दल सावध राहा. ते इतकं घट्ट असतं की लोकांना वाटतं, घट्ट म्हणजे ताकदवान. नुसतं एरंडेल लांब, कोरड्या केसांना लावलं तर केस एकमेकांना चिकटतात, आणि गुंता असा बसतो की कधीकधी कात्रीच लावावी लागते. दाट, कुरळ्या केसांसाठीच्या मिश्रणात थोडंसं, दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्यापुढे नको.

बाजारातल्या 'बदाम' किंवा 'आवळा' नावाच्या बाटल्यांची मागची बाजू वाचण्याची सवय लावा. घटकांमध्ये लाइट लिक्विड पॅराफिन पहिलं दिसलं तर ते मिनरल ऑइल आहे, आणि नावातला बदाम बहुतेक शेवटी सापडेल. ते विष नाही. स्वस्त आहे, खवट होत नाही, केस गुळगुळीत करतं, पण आत शिरत नाही. तुमचा फरक सांगायचा तर एवढाच सांगा. दुसऱ्याच्या मालाला 'केमिकल, केमिकल' म्हणून बदनाम करू नका. खोबरेलसुद्धा रसायनच आहे.

जास्वंद, माका, कोरफड... आणि पाण्याचा घोटाळा

घरगुती तेलाच्या तक्रारी बघितल्या तर पहिली तक्रार 'फरक पडला नाही' ही नसते. 'वास येतोय' किंवा 'तळाला काहीतरी साचलंय' ही असते. कारण बहुतेक वेळा एकच, तेलात राहिलेलं पाणी.

कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ पाणीच. ताजी जास्वंद, कढीपत्ता, कांद्याचा रस, सगळ्यात पाणी. ते पूर्ण निघालं नाही तर तेलाखाली पाण्याचा थर राहतो, त्यात बुरशी आणि जंतू वाढतात. आपल्याकडच्या जुन्या वैद्यकीने याचा विचार फार बारकाईने केलाय. तैलपाकाचं ठरलेलं प्रमाण आहे: कल्क एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. मंद आचेवर द्रव पूर्ण आटेपर्यंत शिजवायचं. झालं की नाही ते बघायला कल्काची बोटांत वात वळते का हे पाहतात, आणि ती वात विस्तवावर धरली तर चर्रचर्र आवाज यायला नको. आवाज आला म्हणजे पाणी बाकी आहे. दुसरी खूण म्हणजे तेल तयार होताना त्यावर फेस येतो. तुपाचं उलट, तूप तयार झालं की फेस बसतो.

हे सगळं नको असेल तर सोपा मार्ग: वनस्पती सावलीत खडखडीत वाळवा. पान चुरगळलं तर भुगा व्हायला हवा. मग मंद आचेवर किंवा डबल बॉयलरवर तेलात गरम करा, पूर्ण गार करा, वस्त्रगाळ करा, आणि वापरायची बाटली, झाकण, नरसाळं कोरडंठाक हवं. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळाच. जून ते सप्टेंबरचा माल मे महिन्यातच करून ठेवणारे लोक शहाणे असतात. बाटली गडद रंगाची घ्या, उन्हात मांडू नका. खवट तेल कसं ओळखायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. जुन्या फरसाणाचा वास आठवा.

आता खरं सांगते. या वनस्पतींमुळे कोरड्या केसात किती फरक पडतो आणि मूळ तेलामुळे किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड आहे. माका, आवळा, ब्राह्मी ही आपली परंपरा आहे, रंग-वास छान येतो, गिऱ्हाइकाला आपलेपणा वाटतो. जरूर घाला. पण 'एकवीस वनस्पती' लिहिण्यासाठी एकवीस वनस्पती घालू नका. जेवढे घटक वाढतील तेवढं वाळवणं, साठवणं, खर्च वाढणार, आणि कुणाला खाज आली तर कशामुळे आली ते कळणार नाही. तीन-चार पुरे.

बाटलीसोबत कार्ड द्या

कोरड्या केसांना तेल लावायची पद्धत बहुतेकांची चुकते. टाळूवर बदाबदा ओततात आणि टोकं कोरडीच राहतात. खराब झालेला भाग असतो खालचा, कारण तोच सगळ्यात जुना. म्हणून कार्डावर साध्या मराठीत लिहा: न्हाण्याआधी दोन-तीन तास किंवा आदल्या रात्री, अर्ध्या लांबीपासून टोकापर्यंत तेल लावा. मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढा. मग सौम्य शाम्पू, तोही मुळांना जास्त, टोकांना कमी. केस अर्धवट ओले असताना टोकांना दोन-तीन थेंब परत लावले तरी चालेल. तेल लावून त्यावर स्ट्रेटनर फिरवायचा नाही.

ज्यांना कोंडा आहे त्यांनी टाळूला तेल चोळू नये, ही ओळ ठळक छापा. कोंड्यामागे जी यीस्ट असते ती तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. 'कोंडा म्हणजे कोरडेपणा, म्हणून तेल' हा आपल्याकडचा समज घराघरात आहे, आणि याच समजातून तुमच्या तेलाला उगाच दोष मिळतो.

या कार्डात तुमचा धंदाही आहे. मध्यम लांबीच्या केसांना एका वेळी साधारण ८ मिली तेल लागतं असं धरा. आठवड्यातून दोनदा म्हणजे १६ मिली. १०० मिलीची बाटली सहा आठवड्यांत संपते. म्हणजे पाचव्या आठवड्यात "ताई, तेल संपत आलं असेल ना?" हा मेसेज गेला पाहिजे. २०० मिलीची बाटली तीन महिने चालते. तेवढ्यात उघडझाप होऊन वास बदलतो आणि गिऱ्हाईक तुम्हाला विसरतंही. सुरुवात १०० मिलीनेच करा.

आता हिशोब

घाण्यावर किंवा होलसेलमध्ये तेल किलोवर मिळतं आणि आपण विकतो मिलीवर. इथे बरेच जण गोंधळतात. १०० मिली खोबरेलाचं वजन साधारण ९२ ग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या डब्यातून सुमारे १६.३ लिटर तेल निघतं. गाळताना, ओतताना थोडं जाणारच, सोळा धरा.

भाव रोज बदलतात, तुमच्या गावचा तुम्ही घाला. मी समजण्यापुरता खोबरेलाचा भाव ४०० रुपये किलो धरते. १०० मिलीमागे तेल नासधुशीसह ३८ रुपये, वनस्पती ६, बाटली-झाकण १०, लेबल आणि खोकं ८, बनवणावळ १०. झाले ७२. एमआरपी १९९ ठेवली.

शेजारच्या दुकानात २५ टक्के मार्जिनने ठेवली तर दुकानदार ५० घेणार, तुमच्या हातात १४९. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर त्यातले ७ कराचे. हेअर ऑइलवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे, हा मोठा दिलासा. उरले १४२, वजा ७२, म्हणजे ७० रुपये. तीच एक बाटली कुरिअरने पाठवली तर १९९ पूर्ण तुमचे, पण कर साडेनऊ, कुरिअर समजा ६०, गळू नये म्हणून पॅकिंग १०, खर्च ७२. उरले ४७ रुपये ५० पैसे. म्हणजे दुकानदाराला ५० रुपये देऊन जास्त सुटले! इन्स्टाग्रामवर विका, पण दोन-तीन बाटल्यांचा सेट करूनच विका. आणि महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी जीएसटी नोंदणी लागते, हे विसरू नका.

लायसन्सचा प्रश्न, जो व्हिडिओत कोणी सांगत नाही

स्वयंपाकघरात तेल करून, त्यावर स्वतःचं लेबल लावून विकणं कायद्यात बसत नाही. हेअर ऑइल हे कॉस्मेटिक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे विक्रीसाठी उत्पादन करायचं तर परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. जागा, स्वच्छता, पात्र तांत्रिक व्यक्ती अशा अटी असतात. 'आयुर्वेदिक औषध' म्हणून विकायचं तर त्याचा परवाना वेगळा.

घाबरून जाऊ नका, वाटा आहेत. एक, परवाना असलेल्या उत्पादकाकडून तुमच्या ब्रँडने माल बनवून घ्या. दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःच्या नावाने बनवण्यासाठी लोन लायसन्सचीही सोय आहे. वर मी बनवणावळ धरली ती यासाठीच. दोन, परवानाधारकाचा तयार माल घेऊन नुसता विका. कॉस्मेटिकच्या किरकोळ विक्रीला वेगळं लायसन्स लागत नाही. नवख्या माणसाने सहा महिने हेच करावं, गिऱ्हाईक कळतं. तीन, लाकडी घाण्याचं खोबरेल खाद्यतेल म्हणून, खाद्यपदार्थाच्या नोंदणीवर विका. मग मात्र लेबलवर 'केसांसाठी' लिहायचं नाही.

आणि दावे. औषध नियमांमध्ये शेड्यूल जे नावाची यादी आहे. त्या यादीतल्या गोष्टी बरं करण्याचा दावा औषधालासुद्धा करता येत नाही. तिच्यात टक्कल आहे, आणि केसांचा रंग बदलणं, नवे केस उगवणं हेही आहे. मग तुमच्या १९९ च्या बाटलीवर 'पंधरा दिवसांत नवीन केस' कसं लिहिणार? लिहा, 'कोरड्या केसांना मऊपणा', 'विंचरताना तुटणं कमी', 'न्हाण्याआधी लावण्याचं तेल'. सगळं खरं आहे आणि दुसऱ्या बाटलीच्या वेळी गिऱ्हाईक तुम्हाला पकडू शकत नाही.

त्या एक्कावन्नाव्या बाईला काय सांगायचं?

मी काउंटरवर आधी तीन प्रश्न विचारते. घरी पाणी कुठलं, बोअरचं की नळाचं? गेल्या वर्षभरात पार्लरमध्ये काय काय केलं? टाळूला खाज, कोंडा, फोड आहेत का? यातच अर्धं उत्तर मिळतं. स्ट्रेटनिंगवाली असेल तर सांगायचं, "ताई, फाटलेली टोकं आधी थोडी कापून घ्या. हे तेल लावलं तर आहेत ते केस विंचरताना कमी तुटतील. महिनाभर न्हाण्याआधी लावा आणि कंगव्यात किती तुटतात ते बघा. नवीन येणारा केस चांगला येईल, तो असाच सांभाळा." पहिल्यांदा कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस वाट बघायला सांगा. केस पुंजक्यांनी गळत असतील, टाळूवर चट्टे असतील, तर तेल विकू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

जाता जाता एक गोष्ट. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुणे, नाशिक, विदर्भाकडून फोन येतात, "तेल गोठलंय, मेण मिसळलंय का?" खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतंच. कार्डाच्या मागे एक ओळ आधीच छापून ठेवा: थंडीत तेल गोठल्यास बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी ठेवा, झाकण घट्ट लावून.